नगरचं टँक म्युझियम : ज्यांना सगळे रणगाडे सारखेच वाटतात त्यांच्यासाठी

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून एका दिवसात नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम करायचंय, बरोबर 10 वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे वडील आहेत, आणि मुख्य शंका अशी की मागे एकदा जाऊन आलात तेव्हा सगळे रणगाडे सारखेच दिसले, बोर्डावर नाव, देश, वजन, तोफ एवढंच, मुलाने चार फोटो काढले आणि अर्ध्या तासात तुम्ही बाहेर, तर यावेळी नेमकं बघायचं काय. तुमच्यासारखंच अनेकांचं होतं, आणि त्यात तुमची काही चूक नाही, त्या वस्तू अशा आहेत की कोणीतरी शेजारी उभं राहून सांगितल्याशिवाय बोलत नाहीत.

मी आर्मर्डचाच, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाचा माणूस. ट्रेनिंग इथेच नगरला झालं, विजयंता रणगाड्यावर आधी लोडर (गोळा भरणारा) मग गनर (नेम धरून तोफ मारणारा), पुढे टी-72 रणगाड्यावर, आणि रिसालदार म्हणून रिटायर झालो. आता आमच्या भागातल्या शाळांची पोरं, नातेवाईक, कोणी म्हणालं की त्यांना घेऊन म्युझियमला जातो. त्यामुळे थोडं लांबण लागेल पण सगळं सांगतो.

पहिली गोष्ट, तिथे पन्नासच्या आसपास गाड्या आहेत आणि त्या सगळ्या बघायच्या नाहीत. खरंच सांगतो, सगळ्या बघायला गेलात की एकही दिसत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रणगाडा एकटा बघून कळतच नाही. तो कोणाच्या तरी विरुद्ध बनवलेला असतो, कोणाची तरी तोफ झेलायला त्याचं पोलाद जाड केलेलं असतं आणि कोणाचं तरी पोलाद फोडायला त्याची तोफ लांब केलेली असते. म्हणून मी पोरांना नेहमी जोड्या लावून दाखवतो, हा कोणासमोर उभा राहिला, तो समोरचा कुठे आहे, चल त्याच्याकडे जाऊ. नगरचं नशीब असं की एकमेकांसमोर लढलेल्या बऱ्याच गाड्या एकाच आवारात उभ्या आहेत. असं फिरलात की अडीच तास कसे गेले कळणार नाही.

सुरुवात रोल्स-रॉइसपासून करा. तिथली सगळ्यात जुनी गाडी, सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधलेली आर्मर्ड कार. मुलाला सांगा की ज्या चासीवर राजेमहाराजांच्या गाड्या बनत त्याच चासीवर पोलादी पत्रे ठोकून वर फिरता बुरुज आणि त्यात मशीनगन बसवली की ही गाडी तयार, पहिल्या महायुद्धात हिचा वापर सुरू झाला आणि नंतर वायव्य सरहद्दीवर वर्षानुवर्षं अशा गाड्या फिरल्या. इथे एक गोष्ट जवळून बघायची ती म्हणजे रिव्हेट, जाड डोक्याचे पोलादी खिळे. पत्रे एकमेकांना रिव्हेटने जोडलेत. ते डोक्यात ठेवा, कारण लगेच पुढे त्याचा उपयोग आहे.

तिथून जपानी रणगाड्यांकडे या. दोन आहेत, छोटा तो टाइप 95 हा-गो आणि मोठा तो टाइप 97 ची-हा. त्यांच्यावरही रिव्हेट दिसतील. आता मुलाला विचारा, बाहेरून गोळी त्या रिव्हेटच्या डोक्यावर बसली तर आतला तुकडा कुठे जाईल? पोरं पटकन सांगतात. तो आत उडतो, म्हणजे पत्रा फुटला नाही तरी आतला माणूस मरू शकतो. म्हणून पुढे रणगाडे ओतीव आणि वेल्ड केलेले बनायला लागले, आणि पुढे पॅटन ह्या अमेरिकन रणगाड्याचा तो गोल गुळगुळीत बुरुज बघाल तेव्हा हेच आठवायचं, त्याच्यावर एकही रिव्हेट नाही आणि गोलाई अशी की गोळा घसरून जावा.

हा-गोपाशी थोडं जास्त थांबा. साडेसात टनांच्या आतलाच, पोलाद सगळ्यात जाड जिथे आहे तिथे 12 मिलिमीटर, आणि बुरुजात एकच माणूस. म्हणजे तोच कमांडर, बाहेर बघणारही तोच, गोळा भरणारही तोच, नेम धरून मारणारही तोच. मी स्वतः बुरुजात काम केलेलं आहे म्हणून सांगतो, तिघांमध्ये वाटून घेतलेलं काम सुद्धा पुरे होतं, एकट्याने ते करायचं म्हणजे एक काम करताना बाकीची दोन बंद. मलाया, सिंगापूरच्या मोहिमेत समोर रणगाडेच नव्हते तोवर हे जपानी रणगाडे चालून गेले, पण ब्रह्मदेशात आणि इम्फाळच्या बाजूला समोर 75 मिलिमीटर तोफेचे ली आणि ग्रँट रणगाडे आले तेव्हा 12 मिलिमीटर पत्र्याचं काय होणार. त्या हॅचचा, म्हणजे आत-बाहेर करायच्या झाकणाचा, आकार बघा आणि त्यातून पेटत्या गाडीतून बाहेर पडायचं असं मनात आणून बघा. शत्रूचा असला म्हणून काय झालं, आत माणूसच होता, आणि हे पोरांना तिथेच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता पहिली खरी जोडी. ब्रिटिश माटिल्डा रणगाडा आणि जर्मन 88 तोफ. माटिल्डा दिसायला ठेंगणी आहे, पण पुढचं पोलाद 78 मिलिमीटर, 1940 साली हे म्हणजे भयंकर होतं. डिसेंबर 1940 मध्ये इजिप्तच्या वाळवंटात सिदी बर्रानीच्या लढाईत आपली चौथी इंडियन डिव्हिजन ह्याच माटिल्डांच्या मागून इटालियन छावण्यांवर चालून गेली, इटालियन तोफांचे गोळे हिच्यावर आपटून पडत होते आणि ही आपली हळूहळू चालत राहिली. रस्त्यावर सुद्धा 24-25 किलोमीटरच्या वर जात नाही, रेतीत तर निम्मंच. मग जर्मन आले आणि त्यांनी विमानं पाडायची 88 मिलिमीटर तोफ आडवी करून रणगाड्यांवर लावली. जून 1941 मध्ये हलफाया खिंडीत त्या तोफांनी माटिल्डांचा चुराडा केला.

इथे एक प्रयोग करा. माटिल्डाच्या तोफेच्या तोंडासमोर उभे राहा, 40 मिलिमीटर, मुलाच्या मुठीएवढं भोक नाही. आणि मग 88 कडे जा आणि तिच्या नळीची लांबी बघा. ही किलोमीटरभर लांबून माटिल्डाला फोडायची आणि माटिल्डाची तोफ तिथवर काही करू शकायची नाही, कारण तिचा गोळा भरीव पोलादाचा, फुटणारा नाही, रणगाड्याला भोक पाडेल पण वाळूत गाडून घेतलेल्या तोफेला आणि तोफचींना त्याचा त्रास कमी. म्हणजे जाड पोलाद होतं, इंजिन चालत होतं, माणसं शूर होती आणि तरी हरले, का तर हातात चुकीचा गोळा होता. मला विचाराल तर दोन मिनिटं फक्त ह्या दोघींमध्ये उभं राहणं हे सगळ्या म्युझियममधलं सगळ्यात चांगलं शिक्षण आहे.

तिथेच ब्रिटिशांनी शोधलेलं उत्तर पण आहे आणि ते फार मजेशीर दिसतं, आर्चर नावाची गाडी. व्हॅलेंटाइन रणगाड्याची चासी घेतली आणि त्यावर 17 पौंडी तोफ बसवली, म्हणजे 76 मिलिमीटरची जबरदस्त लांब तोफ, पण एवढी तोफ पुढे बसेना म्हणून ती मागे तोंड करून बसवली. ड्रायव्हर एकीकडे बघतो आणि तोफ दुसरीकडे. बहुतेक लोकांना वाटतं गाडी उलटी उभी केली आहे. लढताना गाडी उलटी आणून झाडीत लपवायची, मारायचं आणि सरळ पुढच्या गिअरमध्ये निघून जायचं, वळायची गरजच नाही. फक्त तोफ उडाली की तिचा मागचा भाग धक्क्याने ड्रायव्हरच्या जागेवर येतो, म्हणून फायरच्या वेळी ड्रायव्हरने सीटवर बसायचं नाही. मुलाला ही गाडी नुसती दाखवू नका, आधी ओळखायला सांगा की ड्रायव्हर कुठे बसत असेल, हमखास चुकतो आणि मग जन्मभर विसरत नाही.

चर्चिल पटकन बघून पुढे चला. पोलाद 152 मिलिमीटर, चाकं मोजा, एका बाजूला 11 छोटी छोटी चाकं, त्यामुळे डोंगर चढायला भारी पण वेगाला कमी. कॅनडाचं सेक्स्टन म्हणजे रणगाड्याच्या चासीवर 25 पौंडी तोफ, ते तोफखान्याचं काम, वडिलांना रस असेल तर थांबा नाहीतर राहू द्या.

आता आपल्या लढाया. वडील सत्तरीचे म्हणजे 65 साली दहाएक वर्षांचे आणि 71 साली कॉलेजच्या उंबरठ्यावर, त्यांना ब्लॅकआउट, काचांना चिकटवलेले काळे कागद, रेडिओवरच्या बातम्या सगळं आठवत असणार. माझी विनंती आहे की इथून पुढे थोडा वेळ तुम्ही गप्प बसा आणि त्यांना नातवाशी बोलू द्या. तुमच्या घरातली ही गोष्ट मला सांगता येणार नाही.

एएमएक्स-13 हा छोटा फ्रेंच रणगाडा शोधा. ह्याचा बुरुज नीट बघितला तर दोन तुकड्यांचा दिसेल, खालचा तुकडा गोल फिरतो आणि वरचा तुकडा तोफेसकट वरखाली झुकतो. का, तर मागे दोन गोल ड्रम आहेत, एकेकात 6 गोळे, तोफ उडाली की पुढचा गोळा आपोआप मागे येऊन बसतो, लोडर लागतच नाही. त्यामुळे गाडी लहान आणि हलकी, पण 12 गोळे संपले की सुरक्षित जागी मागे जाऊन ड्रम परत भरायचे. ही गाडी हलकी होती म्हणूनच 1962 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या 20 लान्सर्स ह्या रेजिमेंटचे एएमएक्स, एएन-12 मालवाहू विमानात घालून लडाखमध्ये चुशूलला उतरवता आले, 14,000 फुटांच्या वर. जड रणगाडा तेव्हा तिथे पोचूच शकला नसता. तसाच 1948 चा किस्सा, झोजी ला खिंडीत 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे नेले, बुरुज काढून, ताडपत्री झाकून, श्रीनगरमधून कोणाला पत्ता लागू न देता, मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांनी, खेचरांच्या वाटेचा रस्ता केला आणि 1 नोव्हेंबरला ह्या उंचीवर रणगाडे बघून समोरच्या पाकिस्तानच्या बाजूच्यांनी आपली ठाणी सोडली. हलका रणगाडा म्हणजे कमी दर्जाचा असं जे वाटतं ना ते ह्या दोन गोष्टींनी पोरांच्या डोक्यातून जातं.

पुढची जोडी सेंच्युरियन आणि पॅटन. ह्याच्यासाठी अर्धा तास ठेवा.

सेंच्युरियन ओळखायची सोपी खूण म्हणजे बाजूला लटकणाऱ्या पोलादी पट्ट्या, चाकांचा वरचा भाग झाकलेला. वजन पन्नास टनांच्या घरात, 65 साली आपल्याकडे होते त्यांना 20 पौंडी म्हणजे 84 मिलिमीटरची तोफ. पॅटन एम-47 मोठा, गोल बुरुजाचा, 90 मिलिमीटर तोफ, अमेरिकन, आणि तेव्हा त्याचं नावच असं होतं की ह्याच्यासमोर काही टिकत नाही. त्याच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंना फुगवटे आहेत ते मुलाला शोधायला लावा. तो रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, दोन्ही डोळ्यांनी दोन चित्रं जुळवायची आणि मग अंतर मिळतं. यंत्र उत्तमच होतं पण ते हाताळायला सराव लागतो, आणि धुळीत, धुरात, ऊस आडवा येत असताना ते जुळवत बसायला वेळ मिळत नाही. आपल्या सेंच्युरियनच्या गनरकडे असलं काही नव्हतं, तो नजरेने अंतर धरायचा, पहिला गोळा कुठे पडला बघायचा आणि दुरुस्त करून दुसरा मारायचा, आणि हे त्याने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, इतकं घोटलेलं असायचं की हात आपोआप चालायचे.

सप्टेंबर 1965, पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाची लढाई. तीन दिवस, 8 ते 10 तारीख. आपण कालव्याचं पाणी शेतात सोडलं, उसात रणगाडे लपवले, घोड्याच्या नालाच्या आकारात तिन्ही बाजूंनी वाट बघत बसलो, आणि पॅटन त्या चिखलात आत आले. 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन, 8 लाइट कॅव्हलरीचे एएमएक्स, डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन, आणि पायदळात 4 ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद, जीपवर बसवलेली 106 मिलिमीटर तोफ घेऊन, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र. आपल्या आकड्यांप्रमाणे पाकिस्तानचे 97 रणगाडे तिथे गेले, पकडलेल्या पॅटनची भिखीविंडला एवढी रांग लागली की त्या जागेला पॅटन नगर म्हणायला लागले. म्हणून पॅटनसमोर उभं राहून "हा वाईट रणगाडा होता" असं पोराला सांगू नका, तो चांगलाच होता. चिखलात रुतला, ऊस आडवा आला, आणि समोर आपली जमीन ओळखणारे, शांत डोक्याने वाट बघणारे लोक होते.

आणि सेंच्युरियनसमोर दोन नावं घ्यायचीच. दोघेही 17 हॉर्सचे, म्हणजे पूना हॉर्सचे. ही रेजिमेंट 1817 साली पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिली, म्हणून नावात पुणं. पहिले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर, जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. सप्टेंबर 65 मध्ये सियालकोट बाजूला फिल्लोरा आणि चविंडाच्या लढाईत स्वतः सेंच्युरियनमध्ये उभे राहून रेजिमेंट चालवत होते, हाताला जखम झाली तरी मागे जायला नकार दिला, पाच दिवस तसेच लढले आणि 16 सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर गोळा पडून गेले. कमांडिंग ऑफिसर पुढच्या गाडीत असतो तेव्हा मागच्या गाड्यांमधल्या सवारांना काय वाटतं ते मला माहीत आहे, ते लिहून सांगता येत नाही.

दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, 1950. कमिशन मिळालं जून 71 मध्ये आणि युद्ध आलं तेव्हा ते नगरला कोर्सवर होते, इथेच, ह्याच आवारातल्या शाळेत. तिथून सरळ आघाडीवर गेले. 16 डिसेंबर 1971, बसंतर नदीच्या पलीकडे, सुरुंग पेरलेली जमीन, समोरून पॅटनचा हल्ला. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. गाडीला गोळा लागला, पेटली, रेडिओवर हुकूम आला की बाहेर पडा, आणि त्यांनी कळवलं की माझी तोफ अजून चालू आहे, मी गाडी सोडणार नाही. शेवटचा रणगाडा त्यांनी फोडला तो जेमतेम 100 मीटरवर होता. वय 21. परमवीर चक्र. फामागुस्ता आज नगरच्याच आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

आता 100 मीटर म्हणजे काय ते मुलाला तिथेच मोजून दाखवा, सेंच्युरियनपासून मोठ्या पावलांनी चालत जा, साधारण सव्वाशे पावलं. तिथून मागे वळून तोफेकडे बघा. रणगाड्याच्या लढाईत हजार-दीड हजार मीटर हे नेहमीचं अंतर आणि 100 मीटर म्हणजे समोरच्याच्या तोफेचं भोक काळं दिसायला लागतं. हा एवढा प्रयोग केलात की पुतळ्याखालचा मजकूर वाचायची गरज उरत नाही.

मेमरी हॉल म्हणजे आतला भाग, तिथे रेजिमेंटचे फोटो, पदकं, गणवेश, शौर्य पुरस्कार मिळालेल्यांची माहिती आहे. तिथे तारापोर आणि खेत्रपाल दोघांचे चेहरे बघा, पण आधी बाहेर सेंच्युरियन बघून मगच आत जा, क्रम उलटा केलात तर आतला हॉल नुसती भिंत वाटते.

तिसरी जोडी पूर्वेकडची, आपला पीटी-76 आणि पाकिस्तानकडचा हलका अमेरिकन रणगाडा चाफी. पीटी-76 हा रशियन, पाण्यात पोहणारा. मागच्या बाजूला जाऊन दोन गोल तोंडं बघा, तिथून पाणी जोरात बाहेर फेकून तो पुढे सरकतो, पुढे एक पत्रा आहे तो पाण्यात उतरताना उभा करायचा म्हणजे लाट वर येत नाही. पोहायचा म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून पोलाद पातळ, इतकं पातळ की जड मशीनगनची सुद्धा भीती. बांगलादेशात नद्याच नद्या, म्हणून हेच योग्य हत्यार होतं. 21 नोव्हेंबर 1971, म्हणजे युद्ध जाहीर व्हायच्याही आधी, गरीबपूरला सकाळच्या धुक्यात 45 कॅव्हलरीच्या पीटी-76 नी आणि 14 पंजाबच्या जवानांनी पाकिस्तानच्या चाफींचा हल्ला मोडला, स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजित सिंग नारंग तिथेच पडले, महावीर चक्र. दोन्ही गाड्या हलक्या, दोन्ही एकमेकांना सहज फोडू शकत होत्या, तिथे कोण आधी बघतो आणि कोण आधी मारतो एवढाच प्रश्न होता.

आता विजयंता, माझी गाडी, त्यामुळे इथे थोडं जास्त बोलतो. विकर्सचं डिझाइन, 65 सालापासून पुढे चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात आपण बनवायला लागलो, आपल्या देशात बनलेला पहिला मुख्य रणगाडा. 105 मिलिमीटर तोफ. आत चौघे, पुढे ड्रायव्हर, बुरुजात उजवीकडे गनर, त्याच्या मागे वर कमांडर, डावीकडे लोडर एकटा. लोडरला उभं राहायला कपाटाएवढी जागा, पायाखाली सगळं हलतंय, गोळा साधारण 18 ते 20 किलोचा, तो उचलायचा, तोंड फिरवायचं, मुठीने आत ढकलायचा म्हणजे ब्रीच, तोफेचं मागचं तोंड, बंद होताना बोटं अडकत नाहीत, मग तोफेच्या मागच्या वाटेतून अंग बाजूला, आणि ओरडायचं "लोडेड". तोफ उडाली की ती मागचं सगळं पोलाद घेऊन तुमच्या कोपरापासून वीतभर अंतरावर येऊन परत जाते. रिकामं काडतूस तापलेलं खाली पडतं, दारूचा वास नाकात बसतो, आणि तोवर हातात दुसरा गोळा तयार हवा. मे महिन्यात राजस्थानात महाजन रेंजवर हे केलं की कपडे अंगावरच भिजतात आणि अंगावरच वाळतात.

विजयंतात अंतर काढायची पद्धत पण सांगण्यासारखी आहे, पॅटनच्या रेंजफाइंडरशी तुलना करायला. तोफेला जोडून एक 12.7 मिलिमीटरची मशीनगन असायची, तिच्या गोळ्या तोफेच्या गोळ्यासारख्याच वाटेने जातात. आधी तिचा छोटा फटका, चमकत्या गोळ्या लक्ष्यावर लागताना दिसल्या की गनरला कळतं आता तोफ मारली तर लागणार, आणि लगेच तोफ. साधं, स्वस्त, आणि शिकवायला सोपं. कमांडर वरून सांगायचा "ट्रॅव्हर्स राइट, स्टेडी, ऑन" आणि त्या "ऑन" शब्दावर गनरचा हात थांबायचा. हे चौघांचं काम एका लयीत चाललं तरच तो रणगाडा, नाहीतर 38 टनांचं लोखंड. म्हणून मी कुठल्याही गाडीसमोर पोरांना एकच विचारतो, ह्यात किती जण, कोण कुठे बसायचं, आणि गाडी पेटली तर कोण कुठून बाहेर पडेल. एवढं विचारलं की गाडी सारखी वाटायची बंद होते.

टी-55 ओळखायला चाकं बघा. मोठी 5 चाकं, आणि पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर. पॅटन, सेंच्युरियन, विजयंता, तिघांना 6 चाकं. तुमचा मुलगा हे एकदा शिकला की 26 जानेवारीची परेड टीव्हीवर बघताना पण तुम्हाला सांगत बसेल.

थोडं व्यवहाराचं. बहुतेक गाड्या उघड्यावर उभ्या आहेत, म्हणून उन्हाळ्यात गेलात तर सकाळी लवकर पोचा, टोपी आणि पाणी घ्या, दुपारी पोलाद इतकं तापतं की हात भाजतो, आणि तसंही गाड्यांवर चढायचं नाही, मुलाला आधीच समजावून ठेवा. मला विचाराल तर पाऊस उघडल्यावर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. वडिलांना सलग उभं राहायला लावू नका, झाडाखाली बसवा आणि जोडी जोडीने त्यांना बोलवा. वेळ, सुट्टीचा दिवस आणि तिकीट बदलत असतं, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. लष्करी भाग आहे म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, ड्रोन वगैरे आणू नका, आणि म्युझियमच्या बाहेर कँटोन्मेंटमध्ये फोटो काढत फिरू नका.

पुण्याहून साधारण 120 किलोमीटर, वाघोली आणि शिक्रापूरला सकाळी आठनंतर अडकलात की तिथेच दीड तास जातो, म्हणून सहाला निघा, सुप्याला किंवा शिरूरला नाश्ता करा. म्युझियम झालं की जवळच फराहबाग आहे, निजामशाहीतला महाल, 1583 साली पूर्ण झालेला, आत फार काही उरलेलं नाही पण अर्धा तास सावलीत बसायला आणि मुलाला पळू द्यायला छान. भुईकोट किल्ला, जिथे 1942 ते 45 नेहरू आणि काँग्रेसचे बाकी नेते कैदेत होते, तो त्याच दिवशी करायचा असेल तर तो जेवणानंतर ठेवा, वडिलांना झेपत असेल तरच, आणि तो पण लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे आत कुठवर सोडतात ते गेटवरच विचारून घ्या.